भाजणी मागवायला वाढदिवस कशाला लागतो?

इंदूरच्या मराठी घरातलं पोरगं नोकरीला पुण्याला गेलं की महिन्याभरात घरी फोन येतो, 'जिरावण पाठव.' पुण्यात पोहे मिळत नाहीत असं नाही, पण वरून जिरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला, न भुरभुरलेल्या पोह्यांना आमची पोरं पोहे मानतच नाहीत. अशा फोनांवरच आमचं दुकान उभं राहिलं. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, दोघी मिळून सुदामा नगरच्या घरी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि जिरावण करतो. मसाल्याचं सामान सियागंजच्या बाजारातून येतं, धान्य छावणीच्या. माल मध्य प्रदेशाबाहेर जातो म्हणून जीएसटी नंबरही घेतलाय. (करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नंबर लागतो. घरून धंदा करणाऱ्या बऱ्याच बायकांना हे कोणी सांगत नाही, म्हणून जाता जाता सांगून टाकते.)

यंदा बहिणीच्या मुलाने वेबसाइट करून दिली. मुलगा हुशार, काम चोख, पण त्याचा पहिला फॉर्म बघून माझे डोळे पांढरे झाले. नाव, आडनाव, ईमेल, मोबाइल, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड, जन्मतारीख, लिंग, लग्नाची तारीख, व्यवसाय, पत्ता ओळ एक, पत्ता ओळ दोन, 'आमच्याबद्दल कुठे ऐकलंत', आणि तळाला 'मला ऑफर पाठवा' या वाक्यापुढे टिक आधीच मारून ठेवलेली. हे सगळं भरल्याशिवाय पाव किलो मेतकूटसुद्धा मागवता येणार नाही.

"अरे, एवढी माहिती तर तुझ्या ताईला आलेल्या स्थळांच्या बायोडाटातही नव्हती," मी म्हटलं.

"मावशी, सगळेच घेतात. डेटा आहे तो. आज नाही तर उद्या कामी येईल."

उद्या म्हणजे कधी आणि काम कसलं, हे विचारल्यावर तो गप्प बसला. माझी खात्री आहे, फॉर्म लांबवणाऱ्या बहुतेक दुकानांना हा प्रश्न विचारला तर तीही गप्प बसतील. मग असं ठरलं की एकेक रकाना घ्यायचा, आणि तो कशासाठी आहे हे आमच्याकडे पुड्या भरायला येणाऱ्या ताईंना एका वाक्यात सांगता आलं तरच ठेवायचा.

लिंग आणि व्यवसाय तिथल्या तिथे गेले. जन्मतारखेवरून मात्र चांगलंच वाजलं. भाच्याचं म्हणणं, वाढदिवसाला दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवता येतं. मी म्हटलं, वाढदिवसाला लोक केक मागवतात रे, भाजणी कोण मागवतं? पण खरं कारण वेगळं होतं. बँकेला फोन केला की तिकडची मुलगी खात्री करायला पहिल्यांदा काय विचारते? जन्मतारीख. नाव, मोबाइल, पत्ता आणि जन्मतारीख या चार गोष्टी एका ओळीत ठेवल्या की फसवणाऱ्याची अर्धी तयारी झाली, आणि ती ओळ आमच्यासारख्या दोन बायकांच्या दुकानातून बाहेर जायला कितीसा वेळ लागणार? आमच्याकडे काही पहारा नाही. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही.

ईमेल सक्तीचा होता तो ऐच्छिक केला. आमची निम्मीअधिक गिऱ्हाइकं साठीच्या पुढची. त्यांचा ईमेल मुलाने कधीतरी फोन घेताना उघडून दिलेला, त्याचा पत्ता त्यांनाच आठवत नाही. सक्ती केली की माणूस मनाला येईल ते टाकतो आणि बिल भलत्याच्याच ईमेलवर जाऊन पडतं. कपड्यांच्या दुकानातही हेच चालतं. मागे एका मोठ्या दुकानात मोजे घ्यायला गेले तर मोबाइल नंबराशिवाय बिलच निघत नाही म्हणाले. मी अडून बसले, तेव्हा गल्ल्यावरच्या मुलाने दहा वेळा नऊ दाबला आणि बिल निघालं. म्हणजे नंबर कुणालाच नको होता, रकान्याला हवा होता. ग्राहक मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानांना कळवलंय की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. गल्ल्यापर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

पासवर्ड काढला. खातं न उघडता ऑर्डर देता येते. ज्याला दर महिन्याला पत्ता लिहायचा कंटाळा येतो त्याने उघडावं. कार्डाचा प्रश्न आमच्याकडे येतच नाही, पैसे घेणारी कंपनी वेगळी आहे, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदारांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवायची मनाईच केली आहे. त्याच्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबरऐवजी एक बदली खूण, असते. भाच्याने समजावून सांगितलं, मला कळलं तेवढं लिहिलं.

आता ओटीपी. हा किस्सा सविस्तर सांगायलाच हवा.

राजेंद्र नगरच्या एक काकू, जुन्या गिऱ्हाईक, साइट सुरू झाल्या झाल्या त्यांचा फोन. आवाज चढलेला. "अगं, तुझ्या दुकानाने मला ओटीपी मागितला! बँकवाले रोज मेसेज पाठवतात, कोणाला सांगू नका म्हणून. तूच मागायला लागलीस?" मी समजावलं, काकू, तो मला सांगायचा नाही, तुमच्याच फोनवर त्या चौकटीत टाकायचा. "ते काही मला सांगू नकोस. चौकट कोणाची? तुझीच ना?" यावर मला उत्तर सुचेना, कारण काकूंचं बरोबर होतं. आपणच म्हाताऱ्या माणसांना वर्षानुवर्षं पढवलं की ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली, आणि आता पाव किलो जिरावणसाठी तीच किल्ली मागतो आहोत.

म्हणून भाच्याला विचारलं, ओटीपी हवाच कशाला? त्याचं कारण पक्कं निघालं. घरी पैसे देऊन माल घेणाऱ्यांमध्ये चुकीचा नंबर टाकणारे असतात. कुरिअरवाला फोन करतो, लागत नाही, पुडकं परत इंदूरला येतं, आणि जायचं-यायचं दोन्ही भाडं आमच्या डोक्यावर. तेव्हा 'पैसे घरी देईन' म्हणणाऱ्याला ओटीपी, आधी पैसे भरणाऱ्याला नाही. काकूंनी सुनेकडून आधीच पैसे भरवले आणि विषय मिटला.

फोन नंबरची आणखी एक गंमत. एका आजोबांचा नंबर फॉर्म घेईचना. लाल अक्षरांत 'नंबर चुकीचा आहे'. त्यांनी फोटो काढून पाठवला तेव्हा कळलं, त्यांच्या फोनचा कीबोर्ड मराठी, आकडेही मराठी. ९, ८, २ असे नीट दहा आकडे, एकही चूक नाही. पण फॉर्मला रोमन आकडेच आकडे वाटत होते. भाच्याने दुरुस्ती करून मराठी आकडे आतल्या आत बदलून घ्यायची सोय केली. त्याला हे काम दहा मिनिटांचं होतं, पण तोवर असे किती आजोबा आपलाच नंबर चुकला समजून परत गेले असतील, कोण जाणे.

पत्त्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि घालवायलाच हवा होता, कारण माल पोचतो तो पत्त्यावर. 'पत्ता ओळ एक' आणि 'पत्ता ओळ दोन' म्हणजे काय हे कुणालाच कळत नाही. कोणी पहिल्या ओळीत सगळं कोंबतो, कोणी दुसऱ्या ओळीत तेच पुन्हा लिहितो. आम्ही त्याचे तुकडे केले: घर किंवा फ्लॅट नंबर, कॉलनी, जवळची खूण, पिन कोड. आणि पिन कोड वर आणला. तो आधी टाकला की शहर आणि राज्य आपोआप भरलं जातं. बिलावर राज्य लागतंच. आमच्या सीएने सांगितलं की पन्नास हजारांखालच्या बिलावर किरकोळ गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता त्याने मागितल्याशिवाय लिहायची गरज नाही, पण राज्याबाहेर माल गेला तर राज्याचं नाव हवं. म्हणजे सरकारलाही आमच्या फॉर्मपेक्षा कमी माहिती हवी होती!

पिन कोडबद्दल मला उगाच आपुलकी आहे. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्यामागे डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकरांचं, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. पहिल्या तीन आकड्यांवरून पत्र टपाल खात्याच्या कुठल्या वाटणी-जिल्ह्याचं ते कळतं, उरलेल्या तिनांवरून पोस्ट ऑफिस. आमचं इंदूर ४५२. आता टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलंय, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी खूण. भाचा लगेच म्हणाला, तो रकानाही टाकू. मी नको म्हटलं. पिन कोडावरून पोस्ट ऑफिस कळतं, डिजिपिनवरून थेट माझं दार कळतं. कुरिअरला ते लागेल तेव्हा बघू.

आमच्या धंद्यात मागवणारा एक आणि खाणारा दुसरा. आई इंदूरहून मागवते, मुलगा हिंजवडीत घेतो. पहिल्या फॉर्ममध्ये मोबाइल एकच होता, त्यामुळे हिंजवडीच्या फाटकावर उभा असलेला कुरिअरवाला इंदूरच्या आईला फोन करायचा, आणि ती स्वयंपाक सोडून मुलाला. आता दोन नंबर घेतो. पण मुलाने आम्हाला नंबर दिलेला नाही, त्याच्या आईने दिलाय. म्हणून घेणाऱ्याचा नंबर फक्त पुडक्यावर जातो, ऑफरच्या यादीत नाही. आणि पुडक्यावरूनही तो फाडून टाका असं आम्ही आत चिठ्ठीत लिहितो. आमच्या इंदूरात ओला-सुका कचरा वेगळा करायची शिस्त इतकी की पुठ्ठ्याचा खोका जसाच्या तसा सुक्या कचऱ्यात जातो, आणि त्याच्यासोबत नाव, नंबर, पत्ताही ठळक छापलेला जातो.

ऑफरपुढच्या त्या टिकेचं सांगते. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात आधीच मारलेल्या टिकेला खरेदीची संमती धरता येत नाही असं साफ लिहिलंय. तोच न्याय लावून आम्ही ऑफरची टिकही रिकामी केली. यादी छोटी झाली. भाचा हिरमुसला, पण त्या यादीतली माणसं आमचा मेसेज उघडून वाचतात, एवढं त्यालाही दिसतंय.

हे कायदे मला कसे ठाऊक? आमचे 'हे' बँकेतून निवृत्त झालेत, पण परिपत्रकं वाचायची हौस निवृत्त झालेली नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यांनी छापून आणला, नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा तेही. चहाबरोबर एकेक कलम. दुकानदारांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणून भाचा म्हणाला, "काका, अजून वेळ आहे." दंड २५० कोटींपर्यंत होऊ शकतो हे ऐकून जाऊबाईंनी विचारलं, "त्याची भाजणी किती किलो होईल?"

त्या कायद्यातलं एक उदाहरण मला पटलं. घरबसल्या डॉक्टरचा सल्ला देणारं अ‍ॅप माणसाकडून दोन गोष्टींना हो म्हणवून घेतं, सल्ल्यासाठी माहिती वापरायला आणि फोनमधली नंबरांची यादी बघायला. माणूस दोन्हीला हो म्हणतो. तरी कायदा संमती धरतो ती पहिल्याचीच, कारण यादी सल्ल्याला लागत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाने खुशीने दिलं तरी, लागत नसेल तर ते आमचं नाही.

आणखी एक कलम 'ह्यांनी' दोनदा वाचलं. सासूबाई गेल्या, त्यांचा फोन अजून आमच्याकडे चालू आहे, कारण गावाकडच्या लोकांकडे तोच नंबर आहे. त्यावर एका साइटचा दर आठवड्याला मेसेज येतो, 'बरेच दिवस दिसला नाहीत! रुसलात का?' बंद करायला गेलो तर आधी लॉगिन करा म्हणतात, पासवर्ड सासूबाईंबरोबर गेला. ग्राहक सेवेला लिहिलं तर उत्तर येतं, नोंदणीकृत ग्राहकानेच विनंती करावी. नव्या कायद्यात संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं असं आहे, आणि आपल्यामागे आपले हे हक्क कोणी बजावायचे त्याचं नाव नोंदवायची तरतूदही आहे, बँकेत नॉमिनी देतो तशी. आमच्या फॉर्मच्या तळाशी म्हणून एक ओळ आहे: यादीतून नाव काढायचं तर या नंबरवर फोन करा, कुणीही करा. पासवर्ड विचारणार नाही. बिलं मात्र काढता येत नाहीत, जीएसटीचे हिशेब सहा वर्षांहून जास्त ठेवावे लागतात.

आता मुख्य भांडण. जाऊबाईंची वही.

लाल कापडी बांधणीची, लांबट. फोनवर ऑर्डर यायच्या तेव्हापासूनची. डावीकडे नाव, मग माल, मग पैसे, आणि शेवटी जाऊबाईंनी स्वतः आखलेला 'शेरा'. तो मी इथे नावं गाळून देते. 'मिरची निम्मी, अ‍ॅसिडिटी.' 'साखर आहे, गोड पाठवू नये, मागितलं तरी.' 'मुलगी बाळंतीण, मेतकूट मऊ दळणे.' 'साहेब रिटायर, आता अर्धा किलोच.' 'फोन सुनेला करणे, मुलाला नाही.' 'दिवाळीला फोन नको, घरात दुःख.' आणि एका पानावर, दोन रेघा मारून: 'गोड बोलते. उधार नको.'

भाच्याचे डोळे चमकले. मोठमोठ्या कंपन्या यासाठी पैसे ओततात, मावशी, आणि तुमच्याकडे हे फुकट पडून आहे. सगळं एक्सेलमध्ये घालू, मग प्रत्येकाला त्याच्या मापाची ऑफर. साखरवाल्यांना वेगळी भाजणी, बाळंतिणींना वेगळा संच.

'ह्यांनी' चष्मा वर केला. कायदा डिजिटल माहितीला लागू आहे, आणि कागदावरून नंतर संगणकावर चढवलेल्या माहितीलाही. वही आहे तोवर ती वही आहे. चढवलीस की गिऱ्हाईक विचारू शकतं, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय आहे, आणि तुला सांगावं लागेल. जाऊबाई ताडकन म्हणाल्या, "म्हणजे तिला सांगायचं, गोड बोलते म्हणून?"

हसून झालं, पण मला तो शेरा वाचताना दुसरंच टोचत होतं. 'साखर आहे' हे त्या काकूंनी जाऊबाईंना फोनवर सांगितलं, तब्येत विचारली तेव्हा. दुकानाला नाही सांगितलं. वहीत ते एका माणसाच्या अक्षरात, एका कपाटात आहे. एक्सेलमध्ये गेलं की ते भाच्याला दिसेल, साइट सांभाळणाऱ्या कंपनीला दिसेल, मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे यादीबरोबर जाईल, आणि एक दिवस त्या काकूंच्या फोनवर 'मधुमेहींसाठी खास' असा मेसेज वाजेल, शेजारीण बाजूला बसलेली असताना.

भाच्याच्या बाजूनेही एक गोष्ट होती, ती नाकारता येत नाही. जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या महिनाभर दुकानात नव्हत्या, आणि कोणाला तिखट कमी, कोणाला जाड दळण, हे मला ठाऊक नव्हतं. वहीतलं अक्षर त्यांचं त्यांनाच लागतं. "मी नसले तर?" हा प्रश्न त्यांनीच काढला, तोही हसत हसत, पण काढला.

शेवटी असं केलं. ऑर्डरबरोबर 'काही सूचना' अशी मोकळी जागा ठेवली. तिथे गिऱ्हाईक स्वतः लिहितं, मिरची निम्मी, मऊ दळा, गूळ नको. ते पुड्या भरणाऱ्या ताईंच्या चिठ्ठीवर छापलं जातं आणि माल पोचला की साइटवरून पुसलं जातं. पुढच्या वेळी पुन्हा लिहावं लागतं, ही गैरसोय आहे खरी, दोघातिघांनी तशी तक्रारही केली. मला ती चालेल. 'फोन सुनेला' वगैरे वहीतच आहे, वही कपाटात आहे, आणि जाऊबाई मला आता रोज संध्याकाळी एक पान वाचून दाखवतात. भाचा अजून अधूनमधून वहीकडे बघून सुस्कारा सोडतो.

'आमच्याबद्दल कुठे ऐकलंत' हा रकाना मात्र त्याच्या हट्टासाठी ठेवला, ऐच्छिक. आश्चर्य म्हणजे लोक तोच मनापासून भरतात. एकाने लिहिलं, 'रूममेटच्या डब्यातून.' एका बाईंनी चार ओळी लिहिल्या, त्यांच्या आजेसासूबाईंच्या मेतकुटाबद्दल, आणि मोबाइल नंबर द्यायच्या विसरल्या.

दिवाळीच्या भाजणीच्या ऑर्डर घेणं सुरू आहे. खातं उघडायची गरज नाही, वाढदिवस सांगायचीही नाही. 'जवळची खूण' तेवढी नीट लिहा. नुसतं 'मंदिराजवळ' लिहू नका, इंदूरात कुठल्या गल्लीत मंदिर नाही? कुठलं मंदिर, आणि त्याच्या पुढे की मागे, तेही लिहा.